कुत्र्याच्या अंगाला वास येतोय? आंघोळीची बादली भरण्याआधी हे करा

आमचा बंड्या लॅब्राडोर. घरी आला तो उन्हाळ्यात, आणि त्याचा पहिला पावसाळा आम्हाला फार जड गेला. कोल्हापुरातल्या शिवाजी पेठेतलं आमचं घर जुनं, भिंती जाड, जुलैत कपडे तीन-तीन दिवस वाळत नाहीत. बंड्याला वास यायला लागला तशी आम्ही आंघोळ वाढवली. महिन्यातून एकदाची आठवड्यातून एकदा झाली, मग दोनदा. वास काही हटेना. शेजारच्या मामी दारातूनच म्हणायच्या, "सारखं धुतोस तरी कुत्रं वास मारायलंय की रे!"

शेवटी डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी सगळ्यात आधी त्याचा कान उलटा केला, आत कापसाचा बोळा फिरवला आणि माझ्या नाकासमोर धरला. बोळ्यावर चॉकलेटी चिकट मळ आणि आंबून गेलेल्या पिठाचा वास. घरभर पसरलेला वास तो हाच. मग त्यांनी पोटाखालचे केस फुंकर मारून बाजूला केले. आतली कातडी अजून ओलसर होती, आणि आंघोळ झाली होती आदल्या दिवशी! म्हणजे कानाकडे आमचं लक्षच नव्हतं, आणि धुऊन धुऊन अंग आम्हीच ओलं ठेवत होतो.

बंड्याआधी आईची पॉमेरेनियन चिमी होती, आता गल्लीतून घरात आलेली, काळी नावाची कुत्रीही आहे. तीन कुत्री, तीन तऱ्हेचे केस. त्यांच्याबरोबर जे शिकलो ते क्रमाने लिहितो.

१. आधी नाकाने शोधा

वास नेमका कुठून येतोय हे कळल्याशिवाय शाम्पूची बाटली उघडू नका. कुत्रं निवांत पडलेलं असताना तोंडापासून शेपटीपर्यंत हुंगत या. पाच मिनिटांचं काम आहे.

तोंडाला कुजका वास येत असेल तर ओठ वर करून मागच्या दाढा बघा. पिवळं-तपकिरी कीटण आणि लाल हिरड्या दिसल्या तर कारण तिथेच आहे. पॉमेरेनियन, शिह त्झू, पग अशा लहान जातींत दात दाटीने असतात, त्यामुळे हे लवकर होतं. श्वासाला लघवीसारखा वास आला तर मूत्रपिंडाची शंका, आणि पिकून गेलेल्या फळासारखा गोडसर वास आला तर मधुमेहाची. दोन्हीत रक्ततपासणी करून घ्या.

कानाला आंबूस वास म्हणजे बहुतेक वेळा मॅलॅसेझिया नावाची यीस्ट. ही निरोगी कातडीवरही थोडी असतेच. ऊब आणि ओल मिळाली की ती बेसुमार वाढते. काखेत, जांघेत, बोटांच्या बेचक्यात तोच वास आणि काळी पडलेली, जाड झालेली कातडी दिसली तर ती अंगावरही पसरली आहे.

पंजांना भाजलेल्या मक्याच्या कणसासारखा हलका वास येतो. तो नेहमीचाच, त्याची काळजी नको. पण कुत्रं पंजे सारखे चाटत असेल आणि पांढऱ्या केसांवर विटकरी डाग पडले असतील तर ॲलर्जीची शक्यता आहे.

शेपटीखालून सडक्या मासळीचा वास आला आणि कुत्रं बूड जमिनीवर घासत चाललं, तर गुदग्रंथी भरल्या आहेत. गुदद्वाराच्या दोन बाजूंना, घड्याळात ४ आणि ८ असतात त्या जागी, या दोन छोट्या पिशव्या असतात. त्या स्वतः दाबू नका. एक बाजू सुजली असेल तर आत पू असू शकतो. जर्मन शेफर्डला शेपटीखाली वास आणि ओल दिसली तर तपासणी लांबवू नका. या जातीत तिथे खोल जखमा होण्याचा एक आजार आढळतो.

आता तीन वास असे की त्याच दिवशी डॉक्टर गाठायचे. पहिला, पावसाळ्यात लांब केसांखालून येणारा मांस कुजल्यासारखा वास. तिथे जखमेत अळ्या पडलेल्या असू शकतात आणि केसांमुळे बाहेरून काहीच दिसत नाही. दुसरा, नसबंदी न झालेली मादी माजावर येऊन गेल्यावर पुढच्या महिना-दोन महिन्यांत मागून घाण स्राव आणि दुर्गंधी. गर्भाशयात पू झाला असेल तर जिवावर बेततं. तिसरा, पिल्लाला रक्ताची, अतिशय घाण वासाची जुलाबं. तो पार्व्हो हा विषाणूचा आजार असू शकतो. यांतल्या एकाही वासावर आंघोळ हा उपाय नाही.

२. आपल्या कुत्र्याचे केस कोणत्या तऱ्हेचे आहेत ते ओळखा

जात कोणतीही असो, केस बोटांनी बाजूला करून मुळाशी काय आहे ते बघा. निगा त्यावर ठरते.

लॅब्राडोर, गोल्डन रिट्रीव्हर, जर्मन शेफर्ड, पॉमेरेनियन, हस्की या सगळ्यांना दुहेरी केस असतात. वर राठ केस, आत मऊ दाट लव. लॅब्राडोरच्या केसांना नैसर्गिक तेलकटपणा असतो. ही जात थंड पाण्यात काम करण्यासाठी तयार झाली, पाणी आत शिरू नये म्हणून ते तेल. रोज साबण लावून आपण ते घालवतो आणि कातडी कोरडी पडून खाज सुटते. रबरी ब्रश आठवड्यातून तीनदा आणि आंघोळ चार-सहा आठवड्यांनी, एवढं त्याला पुरतं. गोल्डन आणि शेफर्डच्या दाट केसांखाली ओल राहिली तर एका रात्रीत तळहाताएवढा लाल, ओला चट्टा उठतो. पावसाळ्यात मानेखाली आणि मांडीवर रोज हात फिरवून बघा. शेफर्डचे केस तर बारा महिने गळतात. त्याला आतली लव काढणारी, लांब दातांची फणी हवीच.

दुहेरी केसांच्या कुत्र्याला 'उन्हाळा आलाय, गोटा करून टाकू' म्हणू नका. हा सल्ला आपल्याकडे सर्रास मिळतो आणि चिमीच्या बाबतीत आम्हीही तो ऐकला. शहरातल्या एका ग्रूमिंगच्या दुकानात तिला मशीनने अगदी कातडीपर्यंत भादरलं. पाठीवरचे केस वर्षभर धड आले नाहीत, आले तेही ठिकठिकाणी, कापसासारखे. आई रोज तिच्या पाठीवरून हात फिरवायची आणि मला विचारायची, "येतील ना रे?" पॉमेरेनियनमध्ये असं होतं हे तेव्हा आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं. वरचे केस उन्हापासूनही राखतात. उन्हाळ्यात आतली सैल लव विंचरून काढा, तेवढ्याने हवा खेळते.

शिह त्झू, ल्हासा अप्सो, माल्टीज, पूडल यांचे केस आपल्यासारखे वाढतच राहतात. गळतात कमी, पण गुंततात फार. रोज विंचरणं आणि महिना-दीड महिन्याने कापणं हे आयुष्यभराचं काम आहे. सकाळी दहा मिनिटं देता येणार नसतील तर ही जात घेऊ नका, किंवा केस कायम आखूड ठेवा. डोळ्यांखालचे तांबूस डाग अश्रूंतल्या रंगद्रव्याचे. कोमट पाण्यात भिजवलेल्या कापसाने रोज पुसा आणि ती जागा कोरडी ठेवा.

कॉकर स्पॅनियलचे कान लांब, जड आणि केसाळ. आत हवाच जात नाही. या जातीच्या वासाचं कारण दहातल्या आठ वेळा कानात सापडतं, हा माझा अनुभव. जेवताना कान मागे बांधा, म्हणजे ते भांड्यात बुडत नाहीत.

पग आणि बुलडॉगच्या तोंडावरच्या घड्या रोज पुसून कोरड्या करा. शेपटी वळून बसते तिथलीही घडी बघा, ती सगळे विसरतात.

बीगल आणि बॅसेट हाउंडच्या अंगाला मुळातच थोडा उग्र वास असतो. तो कमी होतो, जात नाही. घेतानाच हे मान्य करा, नाहीतर बिचाऱ्याला धुऊन धुऊन कातडीचा रोग लावाल.

आणि आपली कारवानी, पश्मी, गल्लीतली गावठी कुत्री! आखूड केस, लव फार थोडी, अंगाला वास जवळजवळ नाही. काळीला मी दोन-अडीच महिन्यांनी आंघोळ घालतो. एरवी ओल्या पंचाने पुसलं की ती चकचकीत दिसते. पश्मीला कानावर, पायांवर, शेपटीवर झालर असते, तेवढीच विंचरायची. कारवान्याची कातडी पातळ असते, तारेचा ब्रश अंगावर घासू नका. या हवेत सांभाळायला सोपं कुत्रं हवं असेल तर यांच्याकडे आधी बघा, असं मी प्रत्येकाला सांगतो.

३. साहित्य

सगळं एकदम घेऊ नका. आखूड केसांसाठी रबरी ब्रश पुरतो. लांब केसांसाठी बारीक तारांचा स्लिकर ब्रश आणि स्टीलची फणी, दुहेरी केसांसाठी लव काढणारी फणी. कुत्र्याचा शाम्पू, कान धुण्याचं औषध, कापूस, नखं कापायचं कटर, तुरटीची पूड. तीन-चार जुने सुती पंचे. जाड टर्किश टॉवेलपेक्षा पंचा पाणी लवकर ओढतो आणि पावसाळ्यात लवकर वाळतो.

आपला शाम्पू का नको? माणसाच्या कातडीचा सामू साधारण ५.५, म्हणजे आम्लाकडे झुकलेला. कुत्र्याचा ७ च्या आसपास. आपल्यासाठी केलेला शाम्पू त्यांच्या कातडीला मानवत नाही. रिठ्याचं पाणी डोळ्यांत गेलं तर फार चुरचुरतं. फरशी पुसायचं फिनेल पाण्यात टाकून कुत्रं धुणारी घरं मी पाहिली आहेत. हात जोडून सांगतो, ते विष आहे. कुत्रं अंग चाटतं, ते पोटात जातं. टी ट्री तेलाचंही तसंच.

४. पाणी लागण्याआधी विंचरा

गुंता ओला झाला की आवळतो आणि त्याची नमद्यासारखी गाठ होते. गाठी कानामागे, काखेत, पट्ट्याखाली आणि मांड्यांच्या मागे बसतात. केस मुळाशी एका हाताने धरा, म्हणजे कातडी ओढली जात नाही, आणि टोकाकडून सोडवत मुळाकडे या. कात्री सरळ गाठीत घालू नका. आमच्या ओळखीच्या घरी शिह त्झूच्या कानामागची गाठ कापताना कानाची पाळीच कापली गेली, कारण गाठीत कातडी ओढली जाते आणि केस कुठे संपले ते दिसत नाही. सुटत नसेल तर ग्रूमरकडून मशीनने काढून घ्या.

लांब केस नुसते वरवर विंचरू नका. केसांत भांग पाडत, कातडी दिसेल अशी एकेक ओळ घ्या. वरून कुत्रं झळझळीत आणि आत गोधडी, असं फार घरांत असतं.

५. आंघोळ

पाणी कोमट, मनगटावर ओतून बघा. मोरीत पाय घसरत असतील तर खाली जुनं पायपुसणं टाका. कुत्री पाण्यापेक्षा घसरण्याला जास्त घाबरतात. कानात कापसाचा हलका बोळा ठेवा आणि नंतर आठवणीने काढा.

शाम्पू थेट अंगावर ओतू नका, तांब्यात पाण्यात कालवून घ्या. मानेपासून मागे जा, तोंड शेवटी, तेही नुसत्या ओल्या फडक्याने. यीस्टसाठी डॉक्टरांनी क्लोरहेक्सिडीन किंवा मायकोनाझोलचा औषधी शाम्पू दिला असेल तर फेस अंगावर १० मिनिटं राहिला पाहिजे. घड्याळ लावा, अंदाजाने तीच मिनिटं तीन होतात. मग पाणी स्वच्छ निघेपर्यंत धुवा आणि त्यावर आणखी दोन तांबे. केसांत राहिलेला शाम्पू खाज आणतो.

६. वाळवणं: सगळा खेळ इथे आहे

ओल्या कुत्र्याचा तो ओळखीचा वास येतो कसा? केसांवर राहणारे जिवाणू आणि यीस्ट वासाचे पदार्थ तयार करत असतात. केस कोरडे असताना ते चिकटून राहतात. पाणी उडायला लागलं की त्याबरोबर तेही हवेत जातात. जितका वेळ कुत्रं ओलं, तितका वेळ वास, आणि तितका वेळ यीस्टला वाढायला ओल.

म्हणून जून ते सप्टेंबर आंघोळ सकाळीच घाला, आणि झड लागली असेल तर घालूच नका. पंचा घासू नका, त्याने लांब केस गुंततात. दाबून पाणी टिपा, पंचा बदला, पुन्हा टिपा. मग केस वाळवायचं यंत्र. घरातला साधा ड्रायर चालतो, पण कमी उष्णतेवर, हातभर लांब धरून आणि सतत हलवत. दुसऱ्या हाताने ब्रश. पग-बुलडॉगना गरम हवा सोसत नाही, त्यांना नुसता पंखा आणि पंचा.

झालं असं वाटलं की छातीखाली, काखेत आणि शेपटीच्या बुडाशी केस फुंकरीने बाजूला करून कातडीला बोटाची मागची बाजू लावा. थंड लागली तर आत ओल आहे. बंड्याला मला पाऊण तास लागतो. तेवढा वेळ नसेल त्या दिवशी मी आंघोळ पुढे ढकलतो.

वास लपवायला टाल्कम पावडर टाकू नका. ती नाकातून फुप्फुसात जाते, आणि ओलीवर तिचा चिखल होतो.

७. वाकळ आणि गोणपाट

कुत्रं धुतलं, वाळवलं आणि पुन्हा त्याच वाकळेवर झोपवलं, तर तासाभरात वास परत. वाकळेत जुन्या लुगड्यांचे चार-पाच थर, पावसाळ्यात ती आतून कधी वाळतच नाही. गोणपाट त्याहून वाईट, त्यात गोचीड लपतात. सुती चादरी दोन-तीन ठेवा, दर आठवड्याला गरम पाण्यात धुवा, ऊन नसेल तेव्हा इस्त्री फिरवा. गळ्यातला पट्टाही धुवा. कापडी पट्ट्याचा वास घेऊन बघा एकदा.

८. कान, दात, नखं

कान आठवड्यातून एकदा बघा. औषध घालून कानाचं बूड चोळा, कुत्र्याला मान झटकू द्या, बाहेर आलेला मळ कापसाने टिपा. काडीला गुंडाळलेला कापूस आत घालू नका. कान दुखत असेल, डोकं एका बाजूला कललेलं असेल तर घरचं औषध थांबवा.

दात कुत्र्यांच्या टूथपेस्टने. आपल्या पेस्टमध्ये झायलिटॉल नावाचा गोडी आणणारा पदार्थ असू शकतो आणि तो कुत्र्याला घातक आहे.

नखं थोडी थोडी कापा. जिव्हाळी लागून रक्त आलं तर तुरटीची पूड दाबून धरा.

९. गोचीड

आपल्याकडे दोष शेजारच्या गोठ्यातल्या म्हशींना देतात. पण कुत्र्यावरची तपकिरी गोचीड बहुतेक वेळा वेगळ्या जातीची असते. ती कुत्र्याचं रक्त पिऊन खाली उतरते आणि भिंतीच्या फटीत हजारो अंडी घालते. म्हणून नुसतं कुत्रं धुऊन भागत नाही, त्याची झोपायची जागा, उंबरा, भिंतीच्या भेगाही साफ करून बुजवा. चिकटलेली गोचीड चिमट्याने कातडीजवळ धरून सरळ ओढा, बोटांत चिरडू नका. रॉकेल ओतू नका. जनावरांच्या फवारणीचं औषध अंदाजाने पाण्यात मिसळून कुत्र्याला लावू नका, त्याने कुत्री दगावतात. घरात मांजर असेल तर परमेथ्रिन हे कीटकनाशक असलेलं काहीही आणू नका, मांजराला ते सोसत नाही. मानेवर टाकायचं थेंबांचं औषध वापरत असाल तर त्याच्या आधी आणि नंतर दोन दिवस आंघोळ नको. ताप, सुस्ती, फिकट हिरड्या दिसल्या तर रक्त तपासा. गोचिडीमुळे होणारे ताप वेळेत कळले तर बरे होतात.

१०. ताटातलं

रविवारी मटण झालं की हाडं आणि उरलेला रस्सा कुत्र्यासमोर, ही आपली पद्धत. तांबडा असो की पांढरा, रश्शात कांदा-लसूण असतो आणि तो कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतो. शिजलेलं हाड फुटून टोकदार होतं. मायेनेच देतो आपण, पण देऊ नका. मसाला घालण्याआधी दोन-चार तुकडे वेगळे उकडून काढले की त्याचंही भागतं.

११. ग्रूमरकडे नेताना

सोबत ठेवा: लसीकरणाचं कार्ड, गोचिडीचं औषध शेवटचं कधी दिलं ती तारीख, ॲलर्जी किंवा चालू औषधांची चिठ्ठी. बाकी कुत्र्यांची कार्डं न बघणारं दुकान असेल तर परत या. केस किती ठेवायचे ते बोटांच्या पेरांत दाखवून सांगा, 'थोडे कमी करा' म्हणू नका. दुहेरी केस असतील तर 'मशीन लावायचं नाही' हे लिहून द्या. पहिल्या वेळी तिथे थांबू देतात का विचारा.

१२. पुराचे दिवस

राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांच्या इशारा पातळीला आली की सखल भागांत पाणी शिरायच्या बातम्या सुरू होतात, ४३ फूट ही धोक्याची पातळी. त्या पाण्यात उंदरांचं मूत्र असतं आणि त्यातून लेप्टोस्पायरोसिस कुत्र्यांना होतो, माणसांनाही. त्याची कुत्र्यांसाठीची लस दरवर्षी द्यावी लागते, मे महिन्यातच देऊन टाका. त्या पाण्यातून आलेलं कुत्रं दारातच थांबवा, हातमोजे घालून साध्या पाण्याने आणि शाम्पूने धुवा, बोटांच्या बेचक्यांत जखम आहे का बघा आणि पूर्ण वाळवा. पुढच्या दोन आठवड्यांत जेवण सुटलं, उलट्या झाल्या, डोळे पिवळे दिसले तर डॉक्टरांना पुराच्या पाण्याचं आधी सांगा. काळीला मी त्या दिवसांत सोडत नाही. गच्चीवर फिरवतो, आणि खाली येताना जिन्याच्या पहिल्या पायरीवर चारी पंजे पुसून घेतो.